आवश्यक वाटेल ती कार्यवाही

३० नोव्हेंबर, रविवार

डॉक्टर म्हणाले, तुमचा रक्तदाब मिठानं नाही, चिडचिडीनं वाढतो. चिडचिड कागदावर काढा, घरातल्यांवर काढू नका. म्हणून आजपासून लिहितोय. पाटबंधारे खात्यात उभी नोकरी दुसऱ्यांच्या टिप्पण्या लिहिण्यात गेली, निवृत्त झाल्यावर आता स्वतःची लिहू.

पहिल्याच दिवशी विषय मोठा मिळाला. सृष्टीला नोकरी लागली. नोकरी तिला आहेच, सातपूरला औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत; इंदिरानगरातून स्कूटीवर जाते, संध्याकाळी चहाला घरी. पण ती नोकरी नव्हे म्हणे. खरी नोकरी विल्नियसला. मी विचारलं, हे वापीच्या अलीकडं की पलीकडं? मायलेकी पोट धरून हसल्या.

लिथुआनिया नावाचा देश आहे. नकाशा काढून पाहिला. एका अंगाला रशियाचा एक सुटा तुकडा, दुसऱ्या अंगाला बेलारूस, म्हणजे रशियाचा जिगरी दोस्त. एवढं मोठं जग पडलंय आणि आमच्या पोरीला दोन पेटत्या चुलींच्या मधलीच जागा सापडली.

"पप्पा, तो देश नाटोमध्ये आहे. एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला. बत्तीस देश पाठीशी आहेत."

"पाठीशी सगळेच असतात. पुढं कोण असतं ते सांग."

यावर ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, "मला एकतीस जानेवारीपर्यंत कळवायचंय. तुमच्या मनात नसेल तर मी नाही जाणार."

झालं! म्हणजे सगळं माझ्या गळ्यात. या घरात भाजी कोणती करायची हेसुद्धा मला कुणी विचारत नाही, आणि आता एकदम व्हेटो! नाही म्हणालो तर पोरीच्या पायात खोडा घालणारा बाप. हो म्हणालो आणि उद्या काही झालं, तर काय? डोकं उठलं. गोळी घेऊन झोपतो.

३ डिसेंबर, बुधवार

ठरवलंय, आंधळेपणानं ना हो म्हणायचं, ना नाही. कागद वाचून निर्णय घ्यायचा. नाटोचा मूळ करार इंटरनेटवर उघडा पडलाय, सृष्टीनंच छापून दिला. करार तसा आटोपशीर आहे, चौदा कलमं. आमच्या एखाद्या पाटचारीच्या दुरुस्तीची फाईल याहून जाड असायची.

सगळा डोलारा पाचव्या कलमावर उभा. एकावरचा सशस्त्र हल्ला तो सगळ्यांवरचा हल्ला समजला जाईल. छान. पुढं वाचलं. मग प्रत्येक देश काय करेल? तर त्याला 'आवश्यक वाटेल ती कार्यवाही' करेल, गरज पडल्यास सशस्त्र बळाचा वापर धरून.

आवश्यक वाटेल ती! हे वाक्य मला कोण शिकवणार? 'योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर' असं लिहून मी किती फायली दुसऱ्या टेबलावर ढकलल्या असतील. त्याचा अर्थ खात्यात शिपायालाही ठाऊक असतो. अर्थ असा की, आम्ही हात झटकले, आता तुम्ही बघा. आणि जगातला सगळ्यात बलाढ्य लष्करी करार या वाक्यावर उभा! उद्या सृष्टीच्या डोक्यावर बॉम्ब पडला तर एखादा देश तीव्र निषेधाचं पत्र पाठवेल आणि म्हणेल, आम्हाला एवढंच आवश्यक वाटलं.

उज्वलाला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "पत्रिकेत तरी लग्न टिकेल असं कुठं लिहिलेलं असतं?"

बायकोशी आंतरराष्ट्रीय राजकारण बोलू नये.

४ डिसेंबर, गुरुवार

सकाळी जॉगिंग ट्रॅकवर नवनाथला गाठलं. हा आमच्या पलीकडच्या गल्लीत राहतो. तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाला, देवळालीला बरीच वर्षं होता. म्हटलं, लष्करातला माणूस आहे, काहीतरी ठोस सांगेल.

"महेशराव, ते पाचवं कलम आजवर एकदाच वापरलंय," तो म्हणाला.

"कोणत्या लहान देशासाठी?"

"लहान कुठला? अमेरिकेसाठी. ते टॉवर पडले तेव्हा. आणि मग कुठली कुठली छोट्या देशांची पोरं अफगाणिस्तानात जाऊन मेली."

म्हणजे पाटलाच्या घरी चोरी झाली आणि गस्त घालायला सगळा गाव. हे ऐकून मला काडीचा धीर आला नाही. वर नवनाथचं चालूच, आपला देश कुणाच्या गटात नाही तेच बरं, दोस्ती सगळ्यांशी, करार कुणाशीच नाही. मी म्हटलं, अरे, पोरगी आपल्या देशात राहणार असती तर हे मला कशाला ऐकायचं होतं? तो हसला आणि पुढं पळाला. पासष्टीला आला तरी पळतो, हेही मला आवडत नाही.

१० डिसेंबर, बुधवार

आज हद्द झाली. लिथुआनियात आणीबाणी जाहीर झाली. कशामुळं? तर फुग्यांमुळं! बेलारूसमधून सिगारेटी बांधलेले मोठाले फुगे सोडतात, ते वाऱ्यावर तरंगत विल्नियसच्या विमानतळावर येतात, मग विमानं बंद. गेल्या दोन-तीन महिन्यांत कितीतरी वेळा विमानतळ बंद ठेवला म्हणे.

सृष्टी डबा भरत होती. तिच्यासमोर मोबाईल धरला.

"पप्पा, सिगारेटी आहेत त्या. तस्करी आहे."

"आज सिगारेटी आहेत. उद्या दुसरं काही असेल. आणि तुला घरी यायचं झालं आणि विमानतळ फुग्यांनी बंद असला तर?"

"तर बसनं पोलंडला जाईन आणि तिथून येईन."

हिच्याकडं सगळ्याला उत्तर आहे. बत्तीस देशांच्या फौजा, विमानं, रणगाडे, आणि फुगा अडवता येत नाही. पाचव्या कलमात फुग्याचा हल्ला बसतो का, याचा खुलासा कुठंही सापडला नाही. दुपारभर शोधला.

११ डिसेंबर, गुरुवार

रक्तदाब १६०/९८. डॉक्टरांना फुग्यांचं सांगितलं नाही.

२१ डिसेंबर, रविवार

आज जेवणानंतर दोघींना समोर बसवून मुद्देसूद मांडलं. लिथुआनियाला बाकीच्या नाटोशी जमिनीनं जोडणारी एक चिंचोळी पट्टी आहे, पोलंडच्या हद्दीची. लांबी साधारण आपल्या नाशिक ते चांदवड एवढी. ती कुणी बंद केली की मदतीचा रस्ताच संपला. आपल्याकडं पिंपळगावचा टोलनाका तुंबला तरी माणूस तासभर अडकतो.

सृष्टीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, तिथं आता जर्मनीची अख्खी ब्रिगेड कायमची राहायला येतेय. सैनिक बायकापोरांसकट येणार, त्यांच्यासाठी शाळा काढतायत. मी म्हटलं, बायकापोरं आणली म्हणून काय युद्ध टळतं? उलट ते बिचारेही अडकले. यावर ती माझ्याकडं बघतच राहिली. काय चुकीचं बोललो ते कळलं नाही.

आणखी एक मुद्दा. हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असतं. ती कामावरून येऊन जेवायला बसेल तेव्हा मी झोपलेला असणार. हा मुद्दाही सुरक्षेचाच आहे, म्हणून इथं नोंदवला.

उज्वला म्हणाली, "अहो, तुमचं भांडण नक्की कुणाशी चाललंय?" मी म्हटलं, रशियाशी. ती भांडी घासायला गेली.

२८ डिसेंबर, रविवार

एवढं कमी होतं म्हणून गावाकडून फोन. जयरामदादा मोटरसायकलवरून पडला, पायाला प्लास्टर. माझा थोरला भाऊ, देवळ्याजवळ गावी शेती बघतो, माझा वाटाही तोच कसतो. आता ऐन कांदा लागवडीचे दिवस आणि हा खाटेवर.

आमच्या भाऊबंदकीत लागवड सावडीनं होते. आज केरूच्या रानात सगळे, परवा पुंजारामच्या, मग आमच्या. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. ज्याच्या रानात जाल त्यानं दुपारची भाकर द्यायची, बस्स. प्रत्येक घरातून दोन माणसं आलीच पाहिजेत. दादाच्या घरून आता एकटी चांगुणावहिनी उरली.

वहिनी फोनवर म्हणाली, "भाऊजी, शनवारी केरूची लागण हाये. आमच्या घरचं एक माणूस कमी पडतंय. तुमी याल का?"

मला! माझे गुडघे, माझा रक्तदाब, आणि शनिवारी युरोपच्या सुरक्षेवर दोन तासांची चर्चा दाखवणार आहेत, ती सृष्टीच्या निर्णयासाठी बघणं भाग आहे. म्हटलं, वहिनी, काळजी करू नका, व्यवस्था करतो.

३ जानेवारी, शनिवार

व्यवस्था चोख केली. देवळ्याच्या मुकादमाला फोन लावला, दोन मजूर बायका सकाळीच केरूच्या रानात हजर. एकाच्या जागी दोन! मजुरी मी इथून मोबाईलवरून दिली. याला म्हणतात नियोजन. एक माणूस कमी पडणार होतं, उलट एक जास्त झालं. चर्चा मात्र भिकार निघाली. चार तज्ज्ञ एकमेकांना बोलूच देत नव्हते. एक म्हणतो युती आहे म्हणून युद्ध टळतं, दुसरा म्हणतो युती आहे म्हणून एकाचं भांडण सगळ्यांच्या गळ्यात पडतं. दोघांचंही खरं वाटलं, म्हणून जास्तच वैताग आला.

५ जानेवारी, सोमवार

काय माणसं आहेत! डोकं फिरायची वेळ आली.

वहिनीचा फोन. केरूनं त्या दोघी मजूर बायकांना बांधावर बसवलं, चहा पाजला, भाकरी खाऊ घातली, आणि वाफ्यात पाऊल टाकू न देता परत पाठवलं. वर त्यांच्या हातात दिवसाची मजुरी स्वतः ठेवली. म्हणजे त्यांना दोनदा मजुरी मिळाली आणि काम शून्य. आणि आता केरू आणि पुंजाराम दोघंही म्हणतात, जयरामच्या लागवडीला आम्ही येणार नाही, त्यानंही मजूर लावावेत.

मी तडक केरूला फोन केला. हा माझा चुलतभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, तोंडानं फटकळ.

"अरे, एकाच्या जागी दोन माणसं दिली मी! तुझं काय वाईट केलं?"

"महेशदादा, मजूर मला मिळत न्हाईत का? गावात लय हायेत."

"मग परत का पाठवलेस?"

"सावडीत घरचं माणूस येतं. तू पैसे दिलेस न् नाशकात बसलास. उंटावरून शेळ्या हाकतोस. उद्या माझ्यावर येळ आली तर काय, फोनवरून पैसे टाकशील?"

"हो, टाकीन! त्यात काय चुकलं?"

"मंग ती सावड नाय रायली. तो यवहार झाला. यवहार असंल तर तुझा तू, माझा मी."

आणि फोन ठेवून दिला. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं! माणूस मोजायचं तर माणूस दिलं. त्या बाईचा हात आणि माझा हात यात कांद्याच्या रोपाला काय फरक कळणार? उलट तिचा हात बरा. पण दादाचं रोप तयार होऊन बसलंय, आठ-पंधरा दिवसांत नाही लावलं तर पिवळं पडून जाईल. वहिनी फोनवर रडली नाही, पण आवाज तसाच होता. मी जेवताना मोठमोठ्यानं केरूला शिव्या घातल्या. सृष्टी खाली मान घालून जेवत होती. तिला काय, तिचं लक्ष विल्नियसला.

११ जानेवारी, रविवार

सृष्टी काल पहाटे घरातून गेली ती आत्ता संध्याकाळी आली. मला सांगितलं होतं, मैत्रिणीकडं चाललेय चांदवडला. मीही जास्त विचारलं नाही, कारण हल्ली काही विचारलं की आमचं नाटोवर घसरतं.

दुपारी केरूचा फोन. मी तयारीतच होतो, आज दोन शब्द सुनवायचे होते. पण त्यानंच सुरुवात केली.

"दादा, पोरगी तुझी लय गुणाची."

"कोणती पोरगी?"

"आता तुला किती हायेत? सृष्टी. पुंजारामच्या रानात हाये ना कालपास्नं. काल वाफ्यात दोनदा बसली धपकन, आज मात्र सरळ चालली. हाताला फोड आलेत. चांगुणावहिनी नको नको म्हणत व्हती, तर म्हणे आमच्या घरचं माणूस कमी पडलं होतं ना, ते मी."

म्हटलं, "मग?"

"मंग काय? येत्या शनवारी-रैवारी जयरामकडं येतो आमी सगळे. बरं हाये ना?"

ती आली तेव्हा दारातच तिच्या चपला बघितल्या, चिखलानं भरलेल्या. मी म्हटलं, चांदवडला चिखल फार दिसतो. ती म्हणाली, "पप्पा, कळलंय ना तुम्हाला. उगाच कशाला?" आणि हात पुढं केले. बोटांची सालं निघालेली. प्रयोगशाळेत काम करणारे हात ते. उज्वलानं हळद लावली. मी आत जाऊन उगाच टीव्ही लावला. रागवावं की काय करावं ते समजेना. खोटं बोलून गेली म्हणून रागवायला हवं होतं.

१२ जानेवारी, सोमवार

सकाळी चहाला सृष्टी समोर येऊन बसली. म्हणाली, "पप्पा, तुम्ही एवढं वाचलंय, एक विचारू? मी तिथं असताना खरंच काही झालं, तर तुम्ही काय कराल?"

मला वाटलं, अखेर माझ्या अभ्यासाची कदर झाली. मी सविस्तर सांगितलं. दूतावासाचा नंबर भिंतीवर लावेन. खासदारांना निवेदन देईन. परराष्ट्र खात्याला मेल करेन, मसुदा आत्ताच मनात तयार आहे. बातम्यांवर लक्ष ठेवेन. नवनाथच्या ओळखीनं लष्करात कुणाला तरी विचारेन.

तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "ते सगळं सरकार करेल. तुम्ही काय कराल?"

"मीच तर करतोय ना हे सगळं!"

"बरं," ती म्हणाली आणि डबा घेऊन निघून गेली.

दिवसभर तो 'बरं' कानात आहे. अजून काय करायचं असतं एका निवृत्त माणसानं? बंदूक घेऊन जायचं का तिथं?

१६ जानेवारी, शुक्रवार

नाटोची अब्रू वेशीवर टांगली गेली. अमेरिकेला ग्रीनलंड पाहिजे. ग्रीनलंड कुणाचं? डेन्मार्कचं. डेन्मार्क कुठं? नाटोमध्येच! म्हणजे भावानंच भावाच्या बांधाला हात घातला. आता पाचवं कलम कुणाविरुद्ध लावायचं? हे त्या करारात कुणी लिहूनच ठेवलेलं नाही.

आणि बाकीच्यांनी काय केलं? जर्मनी, फ्रान्स वगैरेंनी ग्रीनलंडला सैनिक पाठवले. किती? ओंजळभर! एकेका देशाचे दहा-पंधरा. मी ट्रॅकवर नवनाथसमोर हसून हसून बेजार झालो. म्हटलं, एवढ्यांनी तर आमच्या कॉलनीचा गणपती उचलत नाही.

नवनाथ हसला नाही. बाकावर बसून बुटाची नाडी बांधत म्हणाला, "पंधरा माणसं लढायला नसतात, महेशराव. त्यांना हात लावला तर पंधरा घरांशी वैर होतं. मी सीमेवर अशा चौकीत राहिलोय, चारच जण होतो. मारायला आलं असतं कोणी तर पाच मिनिटं टिकलो नसतो. पण कुणी आलं नाही."

"मग तुम्ही तिथं करत काय होतात?"

"तिथं होतो," तो म्हणाला.

हे लष्करवाले धड उत्तर देत नाहीत.

१८ जानेवारी, रविवार, गाव

खाटेवर बसून लिहितोय, कारण जमिनीवर बसता येत नाही आणि एकदा बसलो तर उठता येत नाही.

काल सकाळी मी गावी आलो. उज्वला म्हणाली, गोळ्या घेतल्यात ना, बाकी काही बोलली नाही. सृष्टीही आली. मी ठरवलं होतं की बांधावर उभा राहून देखरेख करायची. केरू आला, त्याची बायको आली, पुंजाराम आणि त्याची सून आली. केरूनं माझ्याकडं पाहिलं, माझ्या पांढऱ्या शर्टाकडं पाहिलं, आणि रोपांची एक जुडी माझ्या हातात दिली.

"घे. बघायला लय लोक हायेत."

उतरलो वाफ्यात. चिखल गार. एका ओळीतच कंबरेनं राम म्हटलं. मी लावलेली रोपं अशी वाकडी, की केरूची बायको मागून येऊन सरळ करत होती आणि तोंडाला पदर लावून हसत होती. दादा प्लास्टरचा पाय पुढं पसरून बांधावर खाटेवर बसला होता. माझ्याकडं बघून म्हणाला, "महेश, सोड रे. तुझं काम न्हाय ते."

"घरचं माणूस लागतं म्हणतात ना," मी चिडूनच बोललो.

दादानं तोंड फिरवून उपरण्यानं डोळे पुसले. मला वाटलं, पाय दुखतोय.

दुपारी बोराच्या झाडाखाली भाकरी, पिठलं आणि मिरचीचा ठेचा. केरू माझ्या शेजारी येऊन बसला, जणू त्या दिवशी फोन आपटला तो दुसराच कुणी.

मी त्याला म्हटलं, "खरं सांग. त्या दोन बायकांनी माझ्या दसपट काम केलं असतं. मी आज काय दिवे लावले?"

"काय बी नाय," तो म्हणाला. "पर उद्या माझ्यावर येळ आली न्, तर मला म्हाईत हाये, हा गडी कंबर मोडंल पण येईल. त्या बायका काय म्हणून येतील?"

पलीकडं सृष्टी चांगुणावहिनीच्या शेजारी बसून जेवत होती. तिनं ऐकलं, हे मला दिसलं. तिनं भाकरी मोडायची थांबवली होती.

आज संध्याकाळी लागवड पुरी झाली. वहिनीनं सगळ्यांना चहा दिला, मला दोन कप.

१९ जानेवारी, सोमवार

एसटीनं नाशिकला येताना सृष्टी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. देवळा, सोग्रस फाटा, पिंपळगावचा टोलनाका, सगळं मागं गेलं, तरी मी हललो नाही. कंबर ठणकत होती. मला त्या सगळ्या रस्त्यात एकच गोष्ट डोक्यात येत होती, की लिथुआनियाला जायचं झालंच तर मी जाणार कसा? निवेदनावर बसून?

घरी आल्यावर उज्वलाला हळूच विचारलं, "पासपोर्ट काढायला काय काय लागतं ग?"

"आधार आणि जन्मतारखेचा दाखला. अर्ज मोबाईलवर भरायचा."

"तुला कसं माहीत?"

"मी काढलाय."

"कधी?"

"दिवाळीआधी. सृष्टीनं नोकरीचे अर्ज करायला घेतले तेव्हाच."

म्हणजे मी दोन महिने करार वाचतोय, कलमं काढतोय, फुगे मोजतोय, आणि ही बाई मेथी निवडत निवडत पासपोर्ट काढून बसलीय! मला का नाही सांगितलं, म्हणून मी ओरडलो. ती म्हणाली, "तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही रशियाशी भांडत होतात."

अर्ज भरला. तो भरतानाही दोनदा वेबसाईट बंद पडली. सृष्टीला काही बोललो नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

पासपोर्टच्या पडताळणीला पोलीस हवालदार घरी आला. सकाळी अकराची वेळ. सृष्टी नेमकी आज उशिरा जाणार होती, ती आत केस बांधत होती. तिला काही ठाऊक नव्हतं.

हवालदार वयानं माझ्याहून लहान, वैतागलेला. असे दहा पत्ते रोज बघायचे म्हणे. शेजारच्यांची नावं विचारली, किती वर्षं इथं राहता विचारलं. मग माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाला, "काका, या वयात पहिला पासपोर्ट. कुठं निघालात?"

"कुठंच नाही."

"मग कशाला काढता?"

सरळ प्रश्न होता. मी पस्तीस वर्षं सरकारी उत्तरं दिलेला माणूस, पण एकही सुचेना. म्हटलं, "पोरगी लांब चाललीय हो. तिकडं जरा गडबडीचा मुलूख आहे. बाकी मला काही येत नाही, लढता येत नाही, भाषा येत नाही, धड थंडीही सोसत नाही. पण काही झालंच तर तिथं जाऊन तिच्याजवळ बसता तरी आलं पाहिजे."

हवालदारानं मान हलवली आणि सही कुठं करायची ते दाखवलं. सही करून वर पाहिलं तर सृष्टी आतल्या दारात उभी. अर्धी वेणी हातात तशीच. ती केव्हापासून उभी होती कोण जाणे. मी घाईघाईनं म्हणालो, अगं, चहा टाक साहेबांना.

तिनं चहा टाकला नाही. तिथूनच फोन काढला आणि काहीतरी लिहून पाठवलं. तिचं नाक लाल झालं होतं.

"काय पाठवलंस?" मी विचारलं.

"विल्नियसला कळवलं, येतेय म्हणून."

"अगं, पण मी अजून हो कुठं म्हणालोय?"